कारवानी कुत्र्याची कुळकथा

परवा आमच्या मळ्यातल्या वस्तीवर पाहुणे आले होते. पुतण्याच्या सोयरिकीचे बोलणे होते. चहापाणी झाले, उसाच्या दराचा विषय निघून संपला, आणि मग थोरल्या पाहुण्यांची नजर दारातल्या खंड्याकडे गेली. लांबोडे तोंड, पाठीला लागलेले पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा उघड्या. पाहुणे हसत म्हणाले, "काय पावणं, ह्या कुत्र्याला खायला घालत न्हाईसा व्हय?"

आतल्या खोलीत सूनबाईंच्या हातून भांडे जरा जोरातच खाली ठेवले गेले. खंड्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी कुस्करून घालणारी तीच. मी म्हटले, "न्हाई पावणं, ती जातच तशी. कारवानी हाय."

पाहुण्यांना ते पटलेले दिसले नाही. त्यांच्या थोरल्या मुलाने शहरातून लॅब्राडोर आणला आहे, एका चांगल्या खोंडाच्या किमतीला. "पर कागदं हाईत त्याची," ते म्हणाले. "बापाचं नाव, आईचं नाव, आज्याचं नाव, समदं. तुमच्या ह्याची हाईत काय?"

खंड्याची कागदे नाहीत. सोयरीक जमली, त्याला कुत्र्याची आडकाठी आली नाही. पण पाहुण्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कुत्र्याला कागद कुणी आणि कधी दिला? आणि ज्या कुत्र्याचे कूळ आपल्या मुलखात कितीतरी पिढ्यांचे आहे, त्याच्यापाशी तो का नाही? थोडे वाचले, थोडे जुन्या माणसांकडून ऐकले होते, ते वाचकांपुढे ठेवतो.

विलायतेत वंशपट कसा आला

आज शहरात आणि आता खेड्यातही ज्या कुत्र्यांची नावे कौतुकाने घेतली जातात, त्यांतली बरीचशी नावे फार जुनी नाहीत. महाराणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीची शेवटची पंचवीस-तीस वर्षे आणि तिच्या मुलाची, सातव्या एडवर्डची, १९०१ ते १९१० ही नऊ वर्षे, एवढ्या काळात हा सगळा बाजार उभा राहिला. त्याआधी विलायतेतही कुत्रा ओळखला जाई तो कामावरून. मेंढ्या वळणारा, उंदीर मारणारा, कोल्ह्याच्या मागे पळणारा, पाण्यात पडलेले बदक उचलून आणणारा. बाप कोण, आजा कोण, याची चौकशी फार तर एखादा जमीनदार करी.

१८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब ही संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने कुत्र्यांच्या वंशावळीचे पहिले पुस्तक छापले. आपल्याकडे भाट आणि हेळवी जसे घराण्यांच्या वंशावळी सांगतात, तसेच हे. फक्त माणसांऐवजी कुत्र्यांचे आणि तोंडी नव्हे तर छापील. आगगाड्या झाल्या होत्या, त्यामुळे गावोगावची कुत्री पिंजऱ्यात घालून प्रदर्शनाला नेणे सोपे झाले. १८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्ट नावाच्या गृहस्थाने लंडनला आपल्या नावाने पहिले मोठे प्रदर्शन भरवले. हा क्रफ्ट मूळचा कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या कंपनीचा माणूस. बिस्किटे खपवायची तर कुत्र्यांची हौस वाढली पाहिजे, हे त्याने बरोबर ओळखले. खताच्या कंपन्या पीक स्पर्धा भरवतात, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

त्या पहिल्या प्रदर्शनात खुद्द महाराणीने आपली कुत्री पाठवली होती. तिला पामेरियन जातीचा फार नाद. १८८८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेली असताना तिने मार्को नावाचे एक लहानसे पामेरियन घेतले. तोवर ही जात आजच्यापेक्षा बरीच थोराड असे. पण राणीला लहान आवडते म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान पाहिजे झाले, आणि पैदास करणाऱ्यांनी निवडून निवडून तिला मांडीवर मावेल एवढी करून टाकली. १९०१ च्या जानेवारीत राणी गेली तेव्हा तिचे टुरी नावाचे पामेरियन तिच्या बिछान्यावर आणून ठेवले होते, असे नमूद आहे.

बाकीच्यांचीही जन्मकथा अशीच. जर्मनीत डॉबरमन नावाचा एक वसुली कामगार होता. पैसे घेऊन एकट्याने फिरायचे, लोक तर वसुलीवाल्याला शिव्याच घालणार, म्हणून त्याने अंगावर धावून जाणारा कुत्रा मुद्दाम तयार केला. तो १८९४ मध्ये वारला, पण नाव मागे राहिले. आता आपल्याकडे हाच कुत्रा ज्यांच्याकडे वसुलीवाले जातात त्यांच्याही दारात बांधलेला दिसतो, ही गंमत निराळी. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो जर्मनीतल्या धनगरांचा कुत्रा. १८९९ मध्ये स्टेफानिट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्याची संघटना काढली आणि एका कुत्र्याला मूळपुरुष ठरवून वंश लिहायला घेतला. पाहुण्यांच्या लॅब्राडोरला केनेल क्लबने मान्यता दिली ती १९०३ साली. म्हणजे शाहू महाराजांना गादीचे अधिकार मिळून नऊ वर्षे झाली होती.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. कुत्र्याचे कान कातरून ते उभे करण्याची क्रूर चाल विलायतेत सर्रास होती. १८९८ पासून केनेल क्लबने कान कातरलेल्या कुत्र्याला प्रदर्शनाची दारे बंद केली आणि तिथे ती चाल मोडली. आपल्याकडे अजूनही काही लोक पिलाचे कान-शेपूट विळ्याने छाटतात. त्याने कुत्रा तिखट होतो म्हणे! कुत्रा तिखट होत नाही, जखम मात्र चिघळते.

करवीरचा शिकारखाना

आता आपल्या मुलखाकडे वळू. राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे विलायतेत कुत्र्यांचे ते पहिले वंशावळीचे पुस्तक निघाले त्याच वर्षाचा. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती आले आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. महाराजांचे शिक्षण, वसतिगृहे, राधानगरीचे धरण, खासबागेचे कुस्ती मैदान हे सगळे आपल्याला पाठ असते. पण हत्ती, घोडे, चित्ते यांचा त्यांना केवढा नाद होता हे आता नव्या पोरांना ठाऊक नाही.

कोल्हापूरचे चित्ते हिंदुस्थानभर नावाजलेले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीवर बसवलेला चित्ता माळावर नेत, काळविटांचा कळप दिसला की पट्टी काढून त्याला सोडत. पुढे इकडचे चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर दरबारने आफ्रिकेतून चित्ते आणवले. त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारण्याची शिकार तर महाराजांच्या विशेष आवडीची. ती किती जीवघेणी होती हे त्यांच्याच घराला कळले. १९१८ च्या जूनमध्ये अशाच शिकारीत त्यांचे धाकटे चिरंजीव, राजपुत्र शिवाजी, ऐन तारुण्यात गेले.

अशा शिकारीच्या जगात कुत्रा हा मानाचा गडी. डुकराला झाडीतून उठवायला, जखमी जनावराचा माग काढायला, सशा-कोल्ह्याच्या मागे सोडायला कुत्री लागत. गोऱ्या साहेबांनी आपल्याबरोबर बोटीने टेरियर, स्पॅनियल, हाउंड अशी कुत्री आणली. उटीला तर ते विलायती हाउंडांचे कळप ठेवत आणि कोल्ह्याऐवजी इकडच्या भालूच्या मागे सोडत. पण आपले ऊन, गोचिडी आणि रोगराई या कुत्र्यांना मानवत नसे; थंड हवेचे ठाणे सोडून खाली आणले की पुष्कळशी मरत. बेळगाव-धारवाडच्या माळावर उन्हातान्हात सशाच्या मागे पळायचे ते काम विलायती जनावराचे नव्हेच. ते करणारा कुत्रा इथे आधीपासून होता, आणि तो होता बेरडांच्या खोपटापुढे.

बेरडांचा कुत्रा, मुधोळचे नाव

मिरजेकडून जमखंडीला जावे आणि आणखी थोडे पुढे गेले की घटप्रभेच्या खोऱ्यात मुधोळ लागते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत तिथे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. या भागात, आणि विजापूर, सोलापूर, कलबुर्गीपासून वर लातूर-नांदेडपर्यंतच्या कोरडवाहू माळावर, ही लांब तोंडाची, अंगाने शिडशिडीत, खोल छातीची कुत्री पिढ्यान् पिढ्या आहेत. लोक त्यांना कारवानी म्हणतात. अरबस्तान आणि मध्य आशियातून घोड्यांचे व्यापारी तांड्याने येत, त्या कारवानांबरोबर ही आली म्हणून कारवानी, असे समजतात. तिकडच्या सलुकी कुत्र्याशी त्यांची चेहरेपट्टी जुळते खरी. कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असणारीला पश्मी म्हणतात. नर खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंच. हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर पळतो. ससा दिसला की मान खाली घालून असा सुटतो की मागे नुसता फुफाटा.

बेरड ही लढवय्यी जमात. शिकार त्यांच्या रक्तात आणि कुत्रा त्यांच्या घरातला माणूस. मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेरडांची हकिगत आपल्याकडे फार सांगितली जात नाही, म्हणून थोडी सांगतो. १८५७ च्या बंडाच्या वर्षी इंग्रज सरकारने लोकांकडची हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला. हलगलीच्या बेरडांनी हत्यारे द्यायचे नाकारले. नोव्हेंबर अखेरीस फौज आली, गाव पेटवले गेले, पुष्कळ माणसे मेली, आणि डिसेंबरात पकडलेल्यांना मुधोळ आणि हलगली येथे फाशी दिले. कानडीत या शूरांची लोकगीते आहेत.

हत्यार गेले तरी पोट मागे राहते. भाला-बंदुकीशिवाय ज्याला माळावरून ससा आणायचा आहे त्याच्यापाशी काय उरले? कुत्रा. माझी आपली अशी समजूत आहे की ही जात इतकी चोख राहिली ती याच गरजेपोटी. जो कुत्रा ससा धरत नाही त्याला भाकरी कुठून घालणार? त्याची पैदास आपोआपच थांबे. विलायतेत पंच लोक फूटपट्टी घेऊन जे करत होते, ते इथे भूक करत होती.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरडांची ही कुत्री पाहिली, त्यांचे गुण हेरले आणि राजवाड्यावर त्यांची निगुतीने पैदास सुरू केली, असे त्या भागात सांगतात. त्यांनी एक जोडी विलायतेला पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली, बादशहा खूष झाला आणि कुत्र्यांना मुधोळ हाउंड हे नाव मिळाले, हेही मुधोळात अभिमानाने ऐकवले जाते. मालोजीरावांचे श्रेय मोठेच. राजाने हात दिला नसता तर ही जात मिसळून नाहीशी झाली असती.

पण मनात एक सल राहतो. कुत्र्याला बादशहाच्या घरी मान मिळत होता त्याच काळात कुत्रा सांभाळणाऱ्या माणसाची काय गत होती? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत पसरला. पारधी, बेरड, रामोशी अशा जमातींच्या माणसांना जन्मतःच चोर समजून रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. लग्नाला परगावी जायचे तरी परवानगी. कुत्रा मोकळा आणि मालक दाव्याला, असा तो न्याय!

करवीर राज्यात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी जवळ केले, सोनतळीच्या कॅम्पवर वसवले आणि पहाऱ्याच्या कामावर नेमले. ज्यांना पोलीस चोर म्हणत त्यांना छत्रपतींनी राखणीला ठेवले. शिकारीचा नाद असलेल्या राजाला माग काढणाऱ्या माणसाची पारख होती, हेही त्यामागे असेल. बाकी मुलखात तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले.

लंडनच्या रस्त्यावर मुसक्या

१९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. समारंभ २६ जूनला, म्हणजे महाराजांच्या वाढदिवशीच व्हायचा होता. पण बादशहाला आंत्रपुच्छाचा आजार झाला आणि तो ९ ऑगस्टपर्यंत पुढे गेला. महाराज तिकडे असतानाच २६ जुलैच्या करवीर गॅझेटात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला, हे आपल्याला माहीतच आहे. माझे लक्ष वेधले ते आणखी एका गोष्टीने. महाराज ज्या वर्षी लंडनच्या रस्त्यांवरून फिरले, त्याच वर्षी ब्रिटनमधून पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग नाहीसा झाला होता.

तो आपोआप गेला नाही. १८९७ मध्ये तिथल्या शेतकी खात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांनी हुकूम काढला की रोगाच्या भागात कुत्र्याच्या तोंडाला मुसकी घातल्याशिवाय त्याला रस्त्यावर आणायचे नाही. परदेशातून येणाऱ्या कुत्र्याला महिनोन् महिने अलग ठेवायचे. हौशी कुत्रेवाल्यांनी त्या मंत्र्यावर शिव्यांचा पाऊस पाडला. आमच्या लाडक्याच्या तोंडाला चामड्याची जाळी? पण गडी हटला नाही. पाच वर्षांत बेट मोकळे झाले. शिवाय तिथे कुत्रा पाळायचा तर १८७८ पासून वर्षाला साडेसात शिलिंग परवाना फी होती, म्हणजे कुत्रा कुणाचा हे सरकारदरबारी माहीत असे. ज्याचा मालक आहे त्याची जबाबदारीही आहे, एवढी साधी गोष्ट. कागदाचा हा उपयोग मला वंशपटापेक्षा मोठा वाटतो.

लसही त्याच काळातली. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली आणि तो जगला. आपल्या देशात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली, आणि तिथेच डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. माझ्या वयाच्या वाचकांना ती आठवत असेल. पोटात चौदा इंजेक्शने! ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारापर्यंत चालली.

त्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीनेच आमच्या भावकीतला एक पोरगा गेला. मी तेव्हा तिसरीत होतो, तो माझ्याहून वर्षाने मोठा. गुऱ्हाळावर आलेल्या एका परक्या कुत्र्याने त्याच्या मनगटाला चावा घेतला. जखम एवढीशी. कुणी चुना-मिरची भरली, कुणी एका गावाला नेऊन उतारा केला. दवाखान्यात नको, पोटात सुया मारतात, असे त्याच्या आईलाच वाटले, आणि बिचारीचा दोष तरी काय म्हणावा. महिना-सव्वा महिन्याने सुगीच्या दिवसांत त्याला ताप आला. तांब्यातले पाणी पुढे केले की तो अंग चोरायचा, गळा आवळल्यासारखा आवाज काढायचा. तिसऱ्या दिवशी संपला. त्याची आई पुढे पस्तीस वर्षे जगली. तिने घरात पुन्हा कुत्रे येऊ दिले नाही आणि दुसऱ्याच्या दारात कुत्रे दिसले तरी पदर तोंडाला लावायची.

म्हणून घरच्या बायाबापड्यांना माझे सांगणे आहे. कुत्र्याने, मांजराने, कोल्ह्याने, कुणीही चावले वा ओरखडले तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची, तेल काही भरू नका, घट्ट बांधू नका. तसेच उठून सरकारी दवाखाना गाठा. आता पोटात सुया नाहीत; दंडात चार-पाच वेळा घ्यायची लस आहे. जखम खोल असेल किंवा तोंडावर, मानेवर, बोटांवर असेल तर जखमेभोवती दुसरे इंजेक्शनही देतात. ते डॉक्टरांना विचारून घ्या. दिलेल्या तारखा चुकवू नका. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र औषध नाही. गाई-म्हशीला चावले तरी पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा. आणि आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की लस, मग दरसाल लस. खंड्याची तारीख आमच्याकडे कॅलेंडरवर बेंदराच्या शेजारी लिहिलेली असते.

देवाचे कुत्रे, तबकडीवरचे कुत्रे

आपल्याकडे कुत्र्याला शिवायचे नाही असे म्हणणारेही आहेत, आणि देवाजवळ त्याला बसवणारेही आपणच. नरसोबाच्या वाडीला दत्तमहाराजांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री. ते चार वेद म्हणतात. काळभैरवाचे वाहन कुत्रा. खंडोबाचा कुत्रा तर घरोघरच्या टाकावर घोड्याशेजारी कोरलेला असतो, आणि खंडोबाचे वाघ्ये देवापुढे आपण कुत्रे होऊन कोटंब्यातले खातात. धर्मराजाची गोष्ट आजीने कुणाला सांगितली नाही? पट्टणकोडोलीच्या जत्रेला येणाऱ्या धनगरांकडे पाहा. मेंढरांचा वाडा माळावर बसला की लांडग्याची चाहूल पहिल्यांदा कुत्र्यालाच लागते. तो कुत्रा कोणत्या जातीचा, असे धनगराला विचारले तर तो तुमच्याकडे बघतच राहील. वाड्यावरचा कुत्रा, एवढीच त्याची जात.

विलायतेतही सगळाच काही वंशपटाचा खेळ नव्हता. १९१० मध्ये सातवा एडवर्ड वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत नऊ राजे चालले होते. पण शवपेटीमागे, त्या राजांच्याही पुढे, बादशहाचा सीझर नावाचा लहानसा टेरियर होता. जर्मनीचा कैसर त्याच्या मागे. आणि आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या विलायती कुत्र्याचे चित्र सर्वांत जास्त वेळा पाहिले, ते निपर नावाचे कुत्रे होते मिश्र जातीचे. कर्ण्यात कान देऊन बसलेले! त्याचे चित्र बरॉड नावाच्या चित्रकाराने काढले, ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ मध्ये विकत घेतले, आणि पुढे आपल्याकडे त्या रेकॉर्डला लोक कुत्रा छापच म्हणू लागले. त्याच्या आई-बापाचा कागद कुणी मागितला नाही.

काम गेले, नाव राहिले

कारवानीचे दिवस आता पुन्हा फिरले आहेत असे म्हणतात. ९ जानेवारी २००५ रोजी डाक खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान केंद्र आहे. तिथे जातिवंत पिले मिळतात आणि त्यांची नोंदही होते. २०१६ मध्ये लष्कराने काही पिले मेरठला शिक्षणासाठी नेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात मुधोळचे नाव घेतले, आणि मग काय, भाव वाढले. मुधोळ तालुक्यात कितीतरी गरीब कुटुंबे आता पिलांच्या विक्रीवर चार पैसे मिळवतात. हे चांगलेच आहे.

अडचण निराळी आहे. ज्या कामासाठी ही जात घडली ते काम आता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, ती योग्यच आली; काळविटांचे कळप आणि चित्ते आपल्या डोळ्यांदेखत संपले होते. तरीही काही तरुण रात्री बॅटऱ्या घेऊन कारवानी कुत्र्यांसह सशामागे जातात. तो गुन्हा आहे, आणि तुरुंगाची पाळी येते. दुसरीकडे शहरातले हौशी लोक नाव ऐकून पिलू नेतात आणि दोन खोल्यांच्या घरात साखळीला बांधतात. पळण्यासाठी जन्मलेले जनावर! ते खुर्च्या फाडते, भिंती उकरते, आणि मग सहा महिन्यांनी कुणीतरी त्याला माळावर सोडून येते. आमचा खंड्या असाच आलेला आहे. गळ्यात चांगला चामडी पट्टा होता, साखळीने मानेचे केस गेलेले होते. त्याचे खरे नाव काय होते कोण जाणे.

मळ्यात वस्ती असलेल्या माणसाला हा कुत्रा चांगला. फार भुंकत नाही, पण परक्या माणसाला हात लावू देत नाही. पहाटे आणि सांजेला अर्धा-एक तास मोकळे पळू द्यावे, मात्र मेंढरे आणि कोंबड्या आधी पिलूपणीच ओळखीच्या करून द्याव्यात. पळणारी वस्तू दिसली की त्याला राहवत नाही, म्हणून रस्त्यालगत सोडू नये. अंगावर चरबी नसते. थंडीत पोत्यावर जुने कांबळे द्यावे. जोंधळ्याची भाकरी, ताक, वरण, कधी अंडे एवढ्यावर तो राहतो. कालवणातला कांदा आणि कोंबडीची शिजलेली हाडे घालू नयेत. कांद्याने रक्त कमी होते, हाडे आतड्यात रुततात. बरगड्या दिसतात म्हणून लाडाने चारून त्याला गुबगुबीत करू नये. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत.

हे शेवटचे मी पाहुण्यांना दारातच सांगितले. ते खाली वाकून खंड्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले, तर खंड्या उठून दोन पावले मागे सरला आणि सूनबाईंच्या पायाशी जाऊन बसला. पाहुणे म्हणाले, "मानी हाय की रं!" मग जाता जाता मला बाजूला घेऊन हळूच विचारते झाले, पुढल्या खेपेला याची जोड बघून पिले झाली तर एखादे मिळेल काय. कागद नसला तरी चालेल.